तण कोणास म्हणावे? : हिरवळीच्या शास्त्रातील एका संज्ञेची चिकित्सा

१

एखाद्या शास्त्राची परीक्षा करावयाची झाल्यास त्याच्या सिद्धान्तांकडे वळण्यापूर्वी त्याच्या संज्ञा तपासून पाहाव्यात, असा भाषाभ्यासकाचा आग्रह असतो. हा आग्रह शास्त्रज्ञांस अनेकदा अस्थानी वाटतो. वस्तू ठाऊक असली म्हणजे तिला कोणते नाव दिले याला फारसे महत्त्व नाही, अशी त्यांची भूमिका असते. तथापि एक शास्त्र असे आहे की, ज्याचा विषयच मुळी नावावर उभा आहे. ते म्हणजे तणनियंत्रणाचे शास्त्र; आणि त्यातही मैदाने व उद्याने यांवरील हिरवळीतील तणांच्या नियंत्रणाचे शास्त्र. 'तण' या नावाची कोणतीही वनस्पती सृष्टीत नाही. गुलाबाचे कूल सांगता येते, आंब्याची जाती सांगता येते. तणाचे कूलही नाही आणि जातीही नाही. नको त्या ठिकाणी उगवलेली वनस्पती ती तण, ही सर्वमान्य व्याख्या घेतली तर तिच्यातील 'नको' हे क्रियापद कोणाचे, हा प्रश्न अनुत्तरित राहतो. व्याकरणाच्या भाषेत बोलावयाचे तर या वाक्यातील कर्ता लुप्त आहे. प्रस्तुत लेखात या लुप्त कर्त्याचा शोध घ्यावयाचा आहे.

हा शोध घेण्यास मुंबईइतके सोयीचे स्थळ क्वचितच मिळेल. राजाबाई मनोऱ्यासमोरील ओव्हल मैदानावर जे बारीक, जमिनीलगत पसरणारे गवत माळी जपून वाढवितात, त्याचेच कोवळे शेंडे भाद्रपदात दादरच्या फुलबाजारात एकवीस-एकवीसांच्या जुड्या बांधून विकले जातात. आणि परळ-लालबागच्या गिरण्यांत राबण्यासाठी देशावरून आलेल्या कामगारांच्या पहिल्या पिढीला विचारले असते, तर हेच गवत गावाकडच्या काळ्या रानाचा वैरी आहे, असे उत्तर मिळाले असते. वनस्पती एकच : सायनोडॉन डॅक्टिलॉन. मैदानावर ती लॉन, देव्हाऱ्यात ती दूर्वा, शेतात ती हरळी. पहिल्या ठिकाणी तिला पाणी घालतात, दुसऱ्या ठिकाणी तिला मस्तकी वाहतात आणि तिसऱ्या ठिकाणी कुदळीने खणून उन्हात वाळत टाकतात. एका वनस्पतीची ही तीन अभिधाने म्हणजे केवळ पर्यायशब्द नव्हेत. ती तीन वेगवेगळ्या व्यवहारांची नावे आहेत.

२

प्रथम शब्दांकडे पाहू. 'तण' हा शब्द संस्कृत 'तृण' यापासून प्राकृत 'तण' या रूपाने मराठीत आला, हे व्युत्पत्तीच्या विद्यार्थ्यास सांगावयास नको. लक्षात घ्यावयाची गोष्ट ही की, रूपाबरोबर अर्थ मात्र संपूर्ण आला नाही. 'तृण' म्हणजे गवतमात्र. 'तण' म्हणजे नको असलेले. तत्सम शब्दाने व्यापक अर्थ राखला, तद्भव शब्दाचा अर्थ संकोच पावला आणि त्यास निंदेची छटा आली. हा अर्थसंकोच शेतीच्या व्यवहारातून घडला असला पाहिजे. ज्याच्या घरात धान्य पिकते त्याला पीक आणि पीक नसलेले असे दोनच वर्ग पुरतात.

'हरळी' आणि 'दूर्वा' यांची कथा याहून बोधप्रद आहे. 'हरळी' हा शब्द 'हरिताली' या संस्कृत शब्दाशी जोडला जातो आणि 'हरिताली' हे कोशांत दूर्वेचेच एक नाव म्हणून आले आहे. म्हणजे दोन्ही शब्द मुळात एकाच वनस्पतीची प्रतिष्ठित नावे. परंतु मराठीत त्यांनी कामे वाटून घेतली. तत्सम रूप पूजेकडे गेले, तद्भव रूप बांधावर गेले. 'हरळी वाहिली' असे कोणी म्हणत नाही आणि 'शेतात दूर्वा माजल्या' असेही कोणी म्हणत नाही.

शास्त्रीय नावाचाही इतिहास आहे. लिनीअसने १७५३ मध्ये या गवतास 'पॅनिकम' या प्रजातीत घातले; पुढे १८०५ मध्ये पर्सून याने ते 'सायनोडॉन' या प्रजातीत आणले. 'सायनोडॉन' म्हणजे श्वानदन्त आणि 'डॅक्टिलॉन' हे पद अंगुलीवाचक ग्रीक शब्दावरून आलेले. पहिल्या पदात भूमिगत कोंबाचा टोकदार आकार पाहिला आहे, दुसऱ्यात तुऱ्याची बोटांसारखी रचना. या नावात स्तुती नाही, निंदाही नाही. केवळ पाहणे आहे. शास्त्रीय नामकरणाचा हाच गुण, आणि पुढे दिसेल त्याप्रमाणे हीच त्याची मर्यादा.

३

मुंबई इलाख्यातील गवतांकडे अशा तटस्थ दृष्टीने पाहणारा सर्वांत महत्त्वाचा ग्रंथ म्हणजे एथेलबर्ट ब्लॅटर आणि चार्ल्स मॅकॅन यांचा 'द बॉम्बे ग्रासेस'. हा ग्रंथ १९३५ मध्ये, म्हणजे ब्लॅटर यांच्या निधनानंतर एका वर्षाने, इंपीरियल कौन्सिल ऑफ ॲग्रिकल्चरल रिसर्च या संस्थेने प्रसिद्ध केला. ब्लॅटर (१८७७-१९३४) हे स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेले जेझुइट धर्मोपदेशक. धोबी तलावाजवळील सेंट झेवियर्स महाविद्यालयात ते वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते व काही काळ प्राचार्यही होते; तेथील वनस्पतिसंग्रह आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. मॅकॅन हे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत काम करीत. थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात इलाख्याच्या वनस्पतींचा जो ग्रंथ सिद्ध केला होता, त्याची फेरतपासणी या दोघांनी सोसायटीच्या नियतकालिकात दीर्घकाळ चालविली होती. गवतांवरील ग्रंथ हे त्या परिश्रमाचे फळ होय.

या ग्रंथाचे श्रेय निर्विवाद आहे. नियंत्रणाच्या आधी ओळख यावी लागते, आणि गवतांइतकी ओळखण्यास अवघड कुले थोडीच असतील. शेकडो जाती, बहुतेकींची पाने सारखी, फुले डोळ्यास न भरणारी. अशा कुलाची एका प्रदेशापुरती का होईना, विश्वसनीय मांडणी करणे हे पुढील सर्व कामाचे अधिष्ठान होते. ग्रंथास शेतीविषयक संशोधनाच्या संस्थेने आश्रय दिला, यावरून त्याचा उपयोग व्हावा अशी अपेक्षाही स्पष्ट दिसते.

परंतु नेमका हिरवळीच्या प्रश्नावर हा ग्रंथ मौन पाळतो, आणि त्याचे कारण लेखकांच्या दुर्लक्षात नसून पद्धतीत आहे. गवतांचे शास्त्रीय वर्गीकरण मुख्यतः कणिशकांच्या रचनेवर आधारलेले असते. तुरा हाती असल्यावाचून वर्गीकरणाची किल्ली फिरत नाही. आता हिरवळ म्हणजे काय? जिचा तुरा येण्यापूर्वीच कापला जातो असे गवत. कापणीचे यंत्र आठवड्यातून एकदा फिरले की, अभ्यासकाचा सारा पुरावा त्या यंत्राच्या पेटीत जातो. म्हणजे ज्या भूमीवर गवतातून गवत निवडण्याची सर्वाधिक निकड, त्याच भूमीवर हा ग्रंथ हाती घेऊन उभा राहिलेला विद्यार्थी निरुपाय होतो. झेवियर्स महाविद्यालयापासून क्रॉस मैदान व आझाद मैदान चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. पण संग्रहातील वाळलेला नमुना आणि मैदानावरील कापलेले गवत यांमधील अंतर एवढे थोडे नाही. पुढे हिरवळीच्या अभ्यासकांनी पात्याची घडी, पाते व आवरण यांच्या सांध्यावरील जिभिका, तेथील लव अशा शाकीय लक्षणांवरून ओळखण्याच्या निराळ्या किल्ल्या तयार केल्या, त्या याच गरजेतून.

येथे एक निरीक्षण नोंदवावेसे वाटते. मैदानावरचा अनुभवी माळी लव्हाळा ओळखतो तो तुऱ्यावरून नव्हे, तर दांडा बोटांत फिरवून. दांडा तीनधारी लागला की तो गवत नव्हे. हे ज्ञान शाकीय लक्षणांचेच आहे. ते कोणत्याही ग्रंथात न शिकता तो जाणतो, आणि त्याच्या शब्दसंग्रहात त्याला नावही असते. शास्त्राने या ज्ञानाची दखल घेतली असती तर मार्ग काहीसा जवळचा झाला असता.

४

ओळखीनंतर नाशाचे युग आले. वाढ नियंत्रित करणारी द्रव्ये मोठ्या मात्रेत दिल्यास वनस्पती मरते, तेव्हा त्यांचा उपयोग तण मारण्याकडे करावा, अशी सूचना शिकागो विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञ एझ्रा क्राउस यांनी १९४१ मध्ये केली. मार्थ व मिचेल यांनी १९४४ मध्ये २,४-डी हे द्रव्य हिरवळीवर वापरून असे दाखविले की, रुंद पानांची तणे मरतात आणि गवत टिकते. हिरवळीच्या तणनियंत्रणाचा आधुनिक इतिहास येथून सुरू होतो असे म्हणण्यास हरकत नाही. या शोधाची थोरवी कमी लेखण्याचे कारण नाही. एकाच जागी, एकाच फवाऱ्याखाली उभ्या असलेल्या दोन वनस्पतींपैकी एक मरावी आणि एक जगावी, ही निवड पूर्वी केवळ खुरपे धरलेल्या हातालाच साधत होती.

तथापि या शोधाने 'तण' या शब्दाचे जे केले ते अभ्यासनीय आहे. पश्चिमेकडील हिरवळींत पूर्वी पांढरा क्लोव्हर हे लहान, तीन पानांचे, नत्र स्थिर करणारे शिंबावंत रोप हिरवळीचाच एक भाग मानले जाई. बियाण्याच्या मिश्रणात ते हेतुपुरस्सर घातले जाई. नवे द्रव्य रुंद पानांच्या सर्वच वनस्पती मारीत असल्याने डँडेलायनबरोबर क्लोव्हरही मरू लागले. तेव्हा द्रव्य सदोष ठरले नाही. क्लोव्हर तण ठरले. म्हणजे जे तण होते ते मेले असे झाले नाही, तर जे मेले ते तण झाले. व्याख्येने साधन ठरवावयाचे, ते साधनानेच व्याख्या ठरविली. आपण ज्या लुप्त कर्त्याच्या शोधात आहो, तो येथे प्रथमच दृष्टीस पडतो. 'नको' असे म्हणणारा येथे ना माळी आहे, ना मैदानावर खेळणारा. तो बाटलीतील द्रव्याचा गुणधर्म आहे.

५

या शास्त्रातील दोन विद्यापीठीय अभ्यासकांचे कार्य शेजारी शेजारी ठेवले म्हणजे संज्ञेचा पेच पूर्णपणे उघड होतो. विस्कॉन्सिन विद्यापीठातील लीरॉय होम यांनी सहकाऱ्यांसह १९७७ मध्ये जगातील सर्वांत उपद्रवी तणांवर जो ग्रंथ लिहिला, त्यात पहिले स्थान लव्हाळ्यास, म्हणजे सायपेरस रोटुंडस यास दिले आहे आणि दुसरे हरळीस. उलट, जॉर्जियातील टिफ्टन येथील संशोधन केंद्रात ग्लेन बर्टन यांनी आपले दीर्घ आयुष्य याच हरळीच्या संवर्धनास वाहिले. टिफ्टनजवळच्या कापसाच्या जुन्या शेतात सापडलेली हरळी आणि दक्षिण आफ्रिकेतून आणलेले वाण यांच्या संकरातून त्यांनी १९४३ मध्ये 'कोस्टल' हे चाऱ्याचे गवत दिले. पुढे १९६० मध्ये 'टिफवे' हे हिरवळीचे गवत दिले, जे आज जगभरच्या मैदानांवर आढळते. बर्टन यांचे नाव महाराष्ट्रास सर्वस्वी अपरिचित नसावे, कारण त्यांच्याच बाजरीच्या वंध्य वाणापासून १९६५ मध्ये भारतातील पहिली संकरित बाजरी तयार झाली.

होम यांच्या यादीतील दुसऱ्या क्रमांकाचा शत्रू तो बर्टन यांच्या प्रयोगशाळेतील नायक. दोघांपैकी कोणीही चुकलेला नाही. होम यांच्या वाक्याचा कर्ता शेतकरी आहे, बर्टन यांच्या वाक्याचा कर्ता गुरे पाळणारा आणि मैदान राखणारा आहे. पेऱ्यापेऱ्याला मूळ धरणे, तुटलेल्या तुकड्यातून पुन्हा फुटणे, तुडवल्यावर अधिक दाट होणे हे गुण दोघांनीही तेच पाहिले. एकाने त्यांस उपद्रव म्हटले, दुसऱ्याने सामर्थ्य.

प्रस्तुत लेखकास बर्टन यांच्या पद्धतीचे मूल्य अधिक वाटते, ते एका विशिष्ट कारणासाठी. दाट वाढणारे गवत निवडणे हाही तणनियंत्रणाचाच एक प्रकार आहे. जेथे जमिनीवर ऊनच पडत नाही, तेथे दुसरे बी रुजणे अवघड होते. या पद्धतीत काय नको हे ठरविण्याऐवजी काय हवे हे ठरवावे लागते. कर्त्याला उघडपणे पुढे यावे लागते. अर्थात या पद्धतीलाही मर्यादा आहे. 'टिफवे' बी धरीत नाही. ते तुकड्यांनीच लावावे लागते, आणि एकाच रोपाचा असा विस्तार म्हणजे मैदानावर वैविध्याचा लोप होय. शिवाय लव्हाळ्यापुढे दाटपणाचेही फारसे चालत नाही. जमिनीखाली गाठींची माळ करून राहणारी ही वनस्पती वरून कापली, जाळली, तरी पुन्हा येते. तुकोबांनी पुराच्या पाण्यापुढे वाकणाऱ्या लव्हाळ्यास नम्रतेचा दृष्टान्त केले. मैदान राखणाऱ्यास तीच चिकाटी शापासारखी वाटते. येथेही कर्ता बदलला की गुणाचा दोष होतो.

६

आता मराठी परिभाषेकडे वळू, कारण प्रश्न आपल्या विद्यार्थ्यांच्या आणि माळ्यांच्या हातात येतो तो तेथे. इंग्रजी संज्ञेचा शब्दशः अर्थ 'शाकमारक' असा आहे; तिला मराठीत 'तणनाशक' हा प्रतिशब्द रूढ झाला. हा शब्द सुटसुटीत आहे, पण त्याने मूळ संज्ञेपेक्षा मोठे आश्वासन दिले आहे. कोणतेही द्रव्य तण ओळखीत नाही. ते वनस्पतीचे एखादे विकर बंद पाडते किंवा तिची वाढ विस्कटून टाकते. ती वनस्पती कोणास नको आहे, याची त्यास वार्ताही नसते. १९७४ पासून बाजारात आलेले ग्लायफोसेट हे जवळजवळ सर्वच हिरव्या वनस्पतींना मारते. त्यास 'तणनाशक' म्हणणे ही तर्कशास्त्राच्या भाषेत उघड अतिव्याप्ती होय.

या अतिव्याप्तीचे फळ प्रस्तुत लेखकाने स्वतः पाहिले आहे. काही वर्षांपूर्वी गिरगावातील एका संस्थेच्या प्रांगणात लहानशी हिरवळ होती. पावसाळ्यात तीत लव्हाळा माजला, तेव्हा व्यवस्थापकांनी बाजारातून एक डबा आणून माळ्याच्या हाती दिला. माळीबुवा सातारकडचे. त्यांनी विचारले, "साहेब, हे औषध कोणतं गवत मारतं?" उत्तर मिळाले, "तण मारतं." माळीबुवा क्षणभर थांबले आणि कामाला लागले. पंधरा दिवसांत हरळी पिवळी पडून गेली. पुढे काही आठवड्यांनी लव्हाळा मात्र खालच्या गाठींतून पुन्हा वर आला. दोष माळ्यावर ठेवण्यात आला. वास्तविक त्या प्रसंगी शास्त्रीय प्रश्न फक्त त्यांनीच विचारला होता, आणि त्यास मिळालेले उत्तर व्याकरणदृष्ट्या शुद्ध असूनही निरर्थक होते.

डब्यावर विषारीपणाचा निदर्शक रंगीत त्रिकोण असतो : तांबडा, पिवळा, निळा किंवा हिरवा. हा त्रिकोण माणसास असलेला धोका सांगतो. गवतास असलेला धोका सांगत नाही. निरक्षर वाचकासाठी योजलेल्या या चिन्हात हिरवा रंग म्हणजे हिरवळीस निर्भय, असा अर्थ कोणी लावला तर त्यास दोष देता येईल काय?

उलट दिशेची चूकही नावामुळेच होते. पार्थेनियम हिस्टेरोफोरस या वनस्पतीची भारतातील आढळ १९५६ मध्ये आर. एस. राव यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात नोंदविली. मराठीत तिला 'गाजरगवत' आणि 'काँग्रेस गवत' ही नावे पडली. ती गवत मुळीच नव्हे. ती झेंडूच्या कुलातील आहे. आता गवतवर्गीय तणांसाठी केलेले द्रव्य केवळ नावावरून तिच्यावर कोणी फवारले तर ती तशीच उभी राहील. 'चटकचांदणी' हे तिचे तिसरे नाव त्या मानाने निर्दोष होते. पण मागे पडले ते तेच.

सुदैवाने मराठीत उपाय उपलब्ध आहे. कृषिशास्त्राच्या लेखनात 'निवडक' व 'बिननिवडक', 'उगवणपूर्व' व 'उगवणीनंतरचे', 'स्पर्शजन्य' व 'आंतरप्रवाही' या संज्ञा स्थिरावल्या आहेत, तसेच गवतवर्गीय, रुंद पानांची आणि लव्हाळावर्गीय असा तणांचा त्रिविध विभागही. ही विशेषणे ऐच्छिक मानली जातात, ती अनिवार्य केली पाहिजेत. 'तणनाशक' हा शब्द एकटा वापरणे म्हणजे क्रियापदाशिवाय वाक्य बोलणे होय. सामान्य संज्ञा म्हणून 'वनस्पतिनाशक' हा शब्द वापरावा आणि त्यापुढे काय मरते व काय वाचते हे दोन्ही सांगावे. हे थोडे लांब होईल. पण माळीबुवांच्या प्रश्नाचे उत्तर त्यात असेल.

आणखी एक मुद्दा. तण काढण्याच्या क्रियेस मराठीत एक शब्द नाही, अनेक आहेत : पुणे-नगरकडे खुरपणी, सातारा-कोल्हापूरकडे भांगलण, खानदेश-विदर्भात निंदणी, कोकणात बेणणी. घाटावरची आणि कोकणातली माणसे गिरणगावात शेजारी राहू लागली तेव्हा हे शब्दही एका चाळीत आले. या सर्व शब्दांत हाताने निवडण्याचा व्यवहार गृहीत आहे. काढणारी बाई काढता काढता घोळ बाजूला ठेवते, टाकळ्याचा कोवळा पाला ओटीत घेते; त्याची संध्याकाळी भाजी होते. आजही आषाढ-श्रावणात दादरच्या बाजारात टाकळा विकावयास येतो, आणि पूजेसाठी दूर्वेबरोबर आघाडाही येतो. 'तण' या वर्गाच्या आत 'भाजी' आणि 'पत्री' हे उपवर्ग मानणारी ही भाषा 'नाशक' या एका प्रत्ययात मावणारी नाही. शब्द गेला की त्याच्याबरोबर निवडीची ती दृष्टीही जाते, ही भाषाभ्यासकाची खरी चिंता आहे.

७

कोणी असा आक्षेप घेईल की, शास्त्रास बोलींचे हे लाड परवडत नाहीत. त्यास सर्वत्र एकच अर्थ देणारी संज्ञा हवी. आक्षेप रास्त आहे, आणि म्हणूनच लिनीअसपासून ब्लॅटरपर्यंतच्या परंपरेचे ऋण मान्य केले पाहिजे. हरळी आणि दूर्वा एकच होत, हे निश्चयाने सांगण्याचा अधिकार त्याच परंपरेने दिला. परंतु 'तण' ही संज्ञा त्या परंपरेतील नव्हे. ती मूल्यवाचक आहे आणि वस्तुवाचक संज्ञेच्या वेषात वावरते. हाच तिच्यावरील आक्षेप. तिचा त्याग करावा असे येथे सुचवावयाचे नाही. फवारा वापरू नये, असेही नाही. तिचा कर्ता प्रत्येक वेळी स्पष्ट करावा, एवढेच मागणे आहे : कोणास नको, कोठे नको, कशासाठी नको.

हा प्रश्न केवळ ग्रंथालयातील नाही. मुंबईत मोकळी जमीन थोडी. किल्ल्याच्या भिंती १८६० नंतरच्या दशकात पाडल्या गेल्या आणि पुढे एस्प्लनेडच्या जागेतून ओव्हल, क्रॉस, आझाद ही मैदाने राहिली. दादरला १९२५ मध्ये खुले झालेले शिवाजी पार्क राहिले. त्या पार्कावरील लाल मातीची धूळ अलीकडच्या वर्षांत वादाचा विषय झाली, तेव्हा तेथे गवत असावे की नसावे आणि असल्यास कोणते, हा प्रश्न रहिवाशांच्या तोंडी आला. अशा जमिनीवर काय उगवावे हे ठरविण्याचा अधिकार तेथे चालणाऱ्यांचा, खेळणाऱ्यांचा आणि राखणाऱ्यांचा आहे. तो त्यांनी बजावावयाचा तर त्यांच्या भाषेत त्या वनस्पतींची नावे शिल्लक असली पाहिजेत आणि डब्यावर काय लिहिले आहे ते त्यांस कळले पाहिजे. विद्यापीठाच्या भाषाविभागाने आपल्या दारासमोरच्या मैदानावरील गवतांची मराठी नावे, ती ज्यांच्या तोंडी आहेत त्यांच्याकडून, ओळखीच्या लक्षणांसह गोळा करून वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांसोबत तपासून घ्यावीत, असे या निमित्ताने सुचवावेसे वाटते. काम एका पावसाळ्याचे आहे, आणि ते माळ्यांपासून सुरू करावे लागेल.